कापसाचा बर्फ करू नकोस

अगं, छकुलीच्या शाळेतून आलेल्या ऋतूंच्या चित्राच्या त्या कागदाचा तू पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला. चार चौकोन, चारही चौकोनांत एकच झाड. पहिल्यात गुलाबी फुलोरा, दुसऱ्यात गच्च हिरवी पानं, तिसऱ्यात लालकेशरी पानगळ आणि चौथ्यात उघड्या फांद्यांवर बर्फ. खाली बारीक अक्षरात सूचना: बर्फासाठी कापूस चिकटवावा. मला आधी हसूच आलं. परभणी जिल्ह्यातल्या लेकराच्या हातात कापूस द्यायचा आणि त्याला सांगायचं, हा बर्फ आहे! दिवाळीच्या पुढेमागे मानवत-सेलूच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात, आपल्या आखाड्यावर बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला उतरतात. तुझ्या छकुलीनं कापूस बोंडातून निघताना बघितलाय. बर्फ बघितला असेल तर तो गोळ्याच्या गाडीवर.

तू विचारलंस, "ताई, दुकानात हे तयार मिळतंय, आणून देऊ का?" आणू नकोस. आणि रात्री ती झोपल्यावर स्वतः बसून करूही नकोस. तुझं चित्र छान होईल, तुला मार्क मिळतील, पण पहिलीतून दुसरीत तुला नाही जायचं.

शाळेतल्या बाईंवरही चिडू नकोस. तो कागद त्यांच्याकडे असाच कुठून तरी आलेला असतो आणि त्यांच्यापुढे वर्गभर लेकरं असतात. शिवाय कागद खोटा नाही. युरोप-अमेरिकेच्या ज्या भागांत तो जन्मला, तिथल्या लेकरांना तसं झाड खरंच खिडकीतून दिसतं. तिकडे थंडी पडायच्या आधी दिवस भराभर लहान होतात, मेपल-ओकसारखी झाडं पानं रंगवून टाकून देतात आणि मग बर्फ येतो. म्हणजे ती लेकरं समोर दिसतं ते काढतात. आपणही तेवढंच करायचं. समोर दिसतं ते.

आता तुझा दुसरा प्रश्न. आपल्याकडे ऋतू तीन की सहा, आणि मग चार चौकोन भरायचे कसे? घरात तीन चालतात: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. आजीच्या तोंडी सहा, वसंतापासून शिशिरापर्यंत, चैत्रापासून दोन-दोन महिन्यांचा एकेक. पण तुला गंमत सांगते, भारतीय हवामान खात्याचे ऋतू चारच आहेत! जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे उन्हाळा, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर पावसाळ्यानंतरचा काळ. या चौथ्या काळाला घरगुती नाव मी देते: दसरा-दिवाळीची सुगी. सोयाबीनची रास, फुटलेली बोंडं, ऑक्टोबरची ती चिकट उष्णता आणि मग हळूच उतरणारा गारवा. बाईंचे चार चौकोन मोडायची काहीच गरज नाही, आतलं झाड तेवढं बदलायचं. सहाची यादी आत्ताच पाठ करून घेऊ नकोस तिच्याकडून, त्याला वेळ आहे.

झाड कुठलं घ्यायचं? जिंतूरच्या डोंगराकडे राहत असतीस तर म्हटलं असतं पळस घे. फाल्गुनात पान नाही आणि सगळं झाड केशरी, याच्याइतकं रंगवायला सोपं झाड नाही. पण तुमच्या दारासमोर निंब आहे. रोज ज्याच्याखाली रिक्षाची वाट बघतो ते झाड लेकराला चुकत नाही. निंबच घे.

आणि इथे जरा थांब, कारण निंबाचं वर्ष त्या छापील कागदाच्या अगदी उलट चालतं. कागदात पानगळ थंडीच्या आधी येते. आपला निंब दसऱ्याला गर्द हिरवा असतो, दिवाळीला धुळीनं थोडा राखाडी होतो, पण पान सोडत नाही. त्याची पानं पिवळी पडतात थंडी संपताना, माघात-फाल्गुनात. तेव्हा बघ अंगण कसं दिवसातून दोनदा झाडावं लागतं. तिकडची झाडं थंडीच्या आणि लहान दिवसांच्या तयारीला पानं टाकतात. आपल्याकडे पावसाला जाऊन चार महिने झालेले असतात, हवा कोरडी असते, पानांतून पाणी उडून जात असतं. म्हणून झाड जुनी पानं उतरवतं. आणि फार दिवस उघडं बसतही नाही. ऊन तापायला लागलं की त्याला तांबूस, चकचकीत कोवळी पालवी फुटते. पाडव्याला आपण ती पालवी आणि तो पांढरा बारीक फुलोरा गुळासोबत खातो, तेव्हा छकुली तोंड वेडंवाकडं करते, आठवतं ना? तिला तेच विचार: "पाडव्याला कडू पाला कुठून आणला होता गं आपण?" ती स्वतःच सांगेल की उन्हाळ्यात निंबाला नवी पानं असतात.

मग एप्रिल-मे. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, वावरं रिकामी, माती भेगाळलेली, आणि निंब मात्र हिरवागार. बहुतेक मुलं (आणि आयाही) उन्हाळा म्हटलं की वाळकं झाड काढतात. आपल्या दारचं झाड त्याच महिन्यांत सगळ्यात दाट सावली देत असतं. हे लेकराच्या ध्यानात आलं तर बाकीचं चित्र कसंही होऊ दे. पुढे जूनमध्ये निंबोळ्या पिकतात, पिवळ्या होऊन पडतात, चपलेला चिकटतात, पाखरं त्यावर तुटून पडतात. पहिला पाऊस आणि निंबोळ्यांचा तो गोड-कडू वास एकाच वेळी येतो. हा झाला पावसाळ्याचा चौकोन.

शाळेला आत्ता, म्हणजे श्रावणात, चित्र हवंय. तिच्यापुढे एकच ऋतू प्रत्यक्ष आहे. बाकीचे तीन आठवणीतून काढायचे. तिथे तुझ्या सासूबाईंना मधे घे. त्या वावराच्या बाई. कुठल्या महिन्यात झाड कसं दिसतं ते त्यांना कॅलेंडर न बघता सांगता येतं. छकुलीनं विचारायचं, त्यांनी सांगायचं, तू गप्प बसायचं. त्या मृग, आर्द्रा, हस्त असं नक्षत्रांत बोलतील, बोलू दे.

आता साहित्य. रंगपेटी आहे तुझ्याकडे, पण ती शेवटी काढ. आधी परसात जा आणि वावरातली मूठभर काळी माती मागवून घे. रस्त्याकडेची नको, तिच्यात खडी आणि काचा असतात. ढेकूळ फोड, पातळ फडक्यातून चाळून घे, पाण्यात कालव. थोडी पातळ करून त्यात डिंक घातलास, बाभळीचा मिळाला तर तोच भिजवून, की ब्रशनं रंगवायला सुंदर काळा-करडा रंग होतो. खोड त्याचंच काढायचं. आणि उन्हाळ्याच्या चौकोनात जमीन करायची तर तीच माती डिंक न घालता घट्ट कालव, पुठ्ठ्याला खाली थोडा फेविकॉल लावून वर जाड थर दे आणि उन्हात ठेव. दुसऱ्या दिवशी आपोआप भेगा पडलेल्या दिसतील. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, वावरात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. लेकरासमोर हे जेवणाच्या ताटाएवढ्या पुठ्ठ्यावर होतं. कितीही वेळा केलं तरी मुलं ओरडतात, "फाटली, फाटली!" या एका गोष्टीसाठी मी बालवाडीत दरवर्षी माती कालवायचे आणि माझ्या साड्यांचं वाटोळं व्हायचं.

पिवळ्याला हळद. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की रंग विटकरी लाल होतो, ते तिलाच करू दे. तांबूस पालवीला तोच रंग जमतो. आपण कुंकवासाठी चुना वापरायचो तो मात्र लेकरांच्या हातात देऊ नकोस, डोळ्यात गेला तर भारी पडतं. गेरू आहेच घरात, तुळशीवृंदावनाचा उरलेला. गुलाबीला बीट, हिरव्याला पालक चुरगाळ, पण हे दोन्ही रंग उन्हात ठेवले तर महिन्याभरात फिके पडतात, तेव्हा टिकायला हवं तिथे रंगपेटीतलाच हिरवा घे. हिवाळ्यात एखाद्या ओळखीच्या वावरात करडई असेल तर तिच्या वाळलेल्या पाकळ्या मागून ठेव, काट्यांपासून जपून. त्या गरम पाण्यात टाकल्या की पिवळा उतरतो. परभणीतल्या आपल्या कृषी विद्यापीठाच्या एका करडईच्या वाणाचं नावच 'परभणी कुसुम' आहे.

ठशांसाठी भेंडी. आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल तयार, गेरूत बुडवायचं आणि दाबायचं. निबर भेंडी घे, कोवळी लगेच बुळबुळीत होते. आणि ठसे मारता मारता तिला सांग की 'परभणी क्रांती' नावाची भेंडी त्याच विद्यापीठात तयार झाली. पानं पिवळी पाडणारा केवड्यासारखा रोग तिला सहजी लागायचा नाही, म्हणून ती देशभर गेली. 1972 साली उभं राहिलेलं ते विद्यापीठ आपल्याला रस्त्यावरून नुसती लांबलचक भिंत म्हणून दिसतं, लेकरांना तर तेही नाही. भाजी चिरताना सांगितलेलं ध्यानात राहतं.

झाड काढायची सोपी रीत सांगते. तिचा हात कोपरापासून बोटांपर्यंत कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव. हात म्हणजे खोड, पसरलेली बोटं म्हणजे फांद्या. चार चौकोनांत चार हात. कागद मोठा घ्यावा लागेल, दुकानात जाड ड्रॉइंग शीट म्हण, किंवा लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी जोडून घे. फुकट आणि छान जाड. पानांना बोटांचे ठसे. निंबाचं पान लांबट, कडेनं दातेरी असतं, आणि एका काडीला अशी पानं ओळीनं दोन्हीकडे असतात. तेव्हा एक बोट आडवं-आडवं दाबत गेलं की निंबाची डहाळी होते. तिनं नुसते गोल ठिपके केले तर? करू दे. ती एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेली नाही.

पावसाळ्याचा चौकोन आत्ता बाहेर जाऊन काढायचा. भिजलेलं खोड काळं दिसतं, हे घरात बसून सुचत नाही. खाली वावर हवं, आपलं जग झाडापुरतं नाही. सरकीची रोपं गुडघाभर आलेली, मधे आंतरपीक मुगाचं, बांधावर गवत. मृगाचा तो लाल मखमली किडा आठवतोय? पहिल्या पावसात मातीतून निघतो आणि चार दिवसांत दिसेनासा होतो. तो कुंकवाच्या बोटानं एक टिकली दाबून काढता येतो. तिनं जूनमध्ये हातावर घेतला होता, तिला कुणी सांगायला नको.

सुगीच्या चौकोनात आला कापूस. खरा कापूस, सरकीसकट मिळाला तर फार चांगलं. सुकलेल्या पऱ्हाटीच्या काड्या उभ्या चिकटव, वाळक्या बोंडाच्या पाकळ्या असतील तर त्याही, आणि त्यात कापूस ठेव. हात टोचतील थोडे. वेचणाऱ्या बायकांच्या बोटांना काय होतं ते तिला तेवढ्यानं कळेल, भाषण द्यायला नको. बाजूला सोयाबीनची रास हळदीच्या पाण्यानं, वर निळं, ढग नसलेलं आकाश, आणि मागे निंब गर्द हिरवा. इथे बाई कदाचित विचारतील, पानगळ कुठंय? पुढे आहे.

हिवाळ्याचा चौकोन रंगानं सगळ्यात भरगच्च होतो. बर्फ नसला म्हणून परभणीची थंडी काही लहान नाही बरं! डिसेंबर-जानेवारीत विद्यापीठातल्या वेधशाळेचा आकडा पेपरात येतो तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हुडहुडी भरते. सकाळचं धुकं दाखवायचं तर कोरड्या ब्रशनं पातळ पांढरा रंग नुसता फिरवायचा, पण चित्र वाळल्यावर. खाली रब्बीची ज्वारी, निसवलेली कणसं, हरभऱ्याचे घाटे, तुरीचं पिवळं फूल, बांधावर बोरं. हुरड्याची आगटी गेरू आणि हळदीनं. खरे जोंधळ्याचे दाणे चिकटवायचे असतील तर फेविकॉल भरपूर लाव, नाहीतर शाळेत जाईपर्यंत अर्धे दप्तरात पडतात आणि उरलेले मुंग्या नेतात. आणि याच चौकोनात, एका कोपऱ्यात, निंबाची पिवळी पानं गळताना. चार-पाच पुरेत. वर्ष संपायच्या टोकाला पान गळतंय हे त्यातून दिसतं.

आता तुझ्याशी खरं बोलायचं ते हे. ती काढत असताना तू काय करशील? मला माहीत आहे तू काय करशील. "अगं असं नाही, आकाश निळं असतं" असं म्हणशील आणि तिच्या हातातला ब्रश घेशील. आपल्या आईनं आपला हात धरून गिरवून घेतलं, तिची माया होती, पण मग आपण दोघींनी जन्मभर डोंगर-सूर्य-नदी-झोपडी एवढंच काढलं. गंगाखेडला गोदाकाठी जन्म गेला तरी आपली नदी त्याच त्रिकोणी डोंगरांतून येत राहिली! परभणी शहराच्या आसपास कुठे आहेत गं तसले डोंगर? तेव्हा तू हात मागे बांधून बस. रंग मागितला तर दे, मत मागितलं तर उलटा प्रश्न विचार: "तुला कसं दिसलं होतं?" पाणी सांडलं तर फडकं तिच्याच हातात दे.

आणि एक नाजूक गोष्ट. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यात गोदाकाठची वावरं पाण्याखाली गेली, हातातोंडाशी आलेलं सोयाबीन सडलं. त्या वर्षानंतर पावसाळा काढा म्हटलं की काही लेकरं मोर आणि इंद्रधनुष्य काढत नाहीत. पाणी काढतात, नुसतं पाणी, आणि त्यात उभं पीक. छकुलीनं तसं काढलं तर "अगं छान पाऊस काढ की" म्हणू नकोस. तिनं बाबांना बांधावर उभं बघितलंय, तुम्ही रात्री हळू आवाजात बोललेलं ऐकलंय. लेकराला सगळं कळतं, फक्त विचारायला जागा नसते. शेजारी बस आणि विचार, "हे कुठलं वावर?" ती बोलली तर ऐक. नाही बोलली तर पाण्याचा रंग कालवून दे. मोरही काढेल ती कधीतरी, तिचा तिचा.

उलटही होतं. दुष्काळाच्या वर्षी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभं राहिलेलं लेकरू उन्हाळ्यात टँकर काढतं. बालवाडीत एकानं चारही चौकोनांत टँकर काढला होता. मी चारही ठेवले. भिंतीवर लावले तेव्हा त्याची आई बराच वेळ बघत उभी होती.

सगळं एका संध्याकाळी उरकू नकोस. शाळेनं आठवडा दिलाय तर रोज एक चौकोन, पाऊण तास, त्यापुढे सहा वर्षांचं लेकरू टिकत नाही. कंटाळली तर उठू दे. धाकट्याला वेगळा कागद आणि मातीचा वेगळा वाडगा दे, नाहीतर तो हिच्या चौकोनात हात घालणार आणि रडारड होणार. भाऊजींना काड्या आणायच्या कामाला लाव. शेतकरी माणूस आहे, कापसाची बोंडं निवडून आणताना त्यांना कमीपणा वाटायचं कारण नाही. आणि वाटलाच तर माझं नाव सांग.

शाळेचं झाल्यावर घरासाठी आणखी एक करून बघ, हे मात्र माझ्या हट्टासाठी. जुन्या कॅलेंडरचं एकेक पान उलटं करून ठेव. दर अमावस्येला, किंवा महिन्याच्या पहिल्या रविवारी, तुला जे लक्षात राहील ते, तिला तोच निंब काढायला सांग. बारा पानं होतील. दुर्गा भागवतांनी 1956 साली 'ऋतुचक्र' लिहिलं तेव्हा तेही महिन्यामहिन्यानंच लिहिलं होतं, चैत्रापासून. ते पुस्तक माझ्याकडे आहे, पुढच्या वेळी येशील तेव्हा घेऊन जा. तिचं चित्र चालू असताना तू ते वाच, म्हणजे तुझे हात तरी कामात राहतील आणि ब्रशकडे जाणार नाहीत.

चित्र शाळेत देताना मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात लिहून घे: झाडाचं नाव, गाव आणि तारीख. अक्षर उलटंसुलटं आलं तरी खोडू नकोस. आणि बाईंनी विचारलं, बर्फ का नाही काढला, तर तू पुढे होऊन उत्तर देऊ नकोस. छकुलीला बोलू दे.